बेबाच्या वहीतली दोन मुलं

त्या मंगळवारी बेबा बाजारातून परतली ती एका हातात मक्याची पिशवी, दुसऱ्या हातात नात, आणि नातू दहा पावलं पुढे पळतोय, अशी. खालच्या मजल्यावरचे न्यो दुदू दाराबाहेर खुर्ची टाकून बसले होते. तरुणपणी बोटीवर आचारी म्हणून राबलेला हा म्हातारा एरवी गुडघ्यांच्या नावानं कुरकुरत असायचा. आज मात्र लढाई जिंकून आल्यासारखा ताठ बसला होता.

"बेबा, इकडे ये. आज तुझ्या दारावरून एक बला परतवली मी."

"कसली बला?"

"एक गोरा आला होता. गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल. तुझी बेल दोनदा वाजवली. मग मला विचारतो, मारिया एतेल्विना तावारेश इथंच राहतात का? मी म्हटलं, नाही बुवा. तीस वर्षं झाली मला या दारात, असली कुणी बाई मी पाहिली नाही."

बेबानं पिशवी खाली ठेवली.

"मग म्हणतो, एदमिल्सन आणि लुआना नावाची दोन पोरं दिवसभर इथं असतात का? मी म्हटलं, छे! वरती एक आजी आहे, तिच्याकडे जुंगा आणि तितिना असतात. एदमिल्सन-बिदमिल्सन कुणी नाही. सगळं लिहून घेतलं बिचाऱ्यानं, आभार मानले आणि गेला." न्यो दुदूंनी मिशीवरून हात फिरवला. "पत्ता चुकला होता त्याचा."

"न्यो दुदू," बेबा हळूच म्हणाली, "मारिया एतेल्विना तावारेश म्हणजे मी."

म्हाताऱ्यानं तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तू? तू तर बेबा."

"आणि एदमिल्सन तो." नातू तेव्हा रस्त्याकडेच्या सायकलींच्या घंट्या एकेक करून वाजवत सुटला होता.

"अगं मग आधी सांगायचंस की!"

आता आधी म्हणजे कधी सांगायचं? दूर समुद्रातल्या साव निकोलाव बेटावरची माणसं रॉटरडॅमला आली ती दोन-दोन नावं घेऊन आली. एक नाव पाद्री डोक्यावर पाणी घालताना देतो, ते पुढे पासपोर्टात झोपून राहतं. दुसरं घरचं. तेच हाक मारायला, तेच रागवायला, तेच लग्नाच्या आमंत्रणात. बेबाची आई म्हणायची, लेकराचं खरं नाव उठसूट हवेत फेकू नये, ऐकणारे सगळेच कान चांगले असतात असं नाही. कुणी गेलं की चर्चच्या दाराशी पूर्ण नावाचा कागद लागतो आणि लोक एकमेकांना विचारतात, हा कोण बुवा? खाली घरचं नाव दिसलं की मग रडू फुटतं.

तर न्यो दुदूंचा त्यात काडीचा दोष नव्हता. पण त्या दिवसापासून बेबा बेलकडे कान लावून बसू लागली.

कारण तेवढंच नव्हतं. महिन्यापूर्वी एक निळं पाकीट आलं होतं. बेबाची लेक इव्होन इस्पितळात नर्सिंग शिकत होती, शेवटचं वर्ष, अर्धे दिवस वर्ग नि अर्धे दिवस वॉर्ड. नवरा होता तो तीन वर्षांपूर्वी बोटीवर गेला आणि बोट परत आली तरी तो काही आला नाही. पोरं सांभाळायला कुणीतरी हवं, आणि सांभाळणारीचे तासाचे पैसे द्यायला सरकार भत्ता देतं. पण सांभाळणारी नोंदवलेली हवी, शिकलेली हवी. एकतीस वर्षं लोकांची ऑफिसं पुसलेल्या बेबानं एकसष्टाव्या वर्षी त्यासाठी परीक्षा दिली. रबराच्या बाळाला श्वास दिला, भाजल्यावर किती वेळ पाणी धरायचं ते डच भाषेत पाठ केलं, आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून येशूच्या तसबिरीशेजारी टांगलं. येशू थोडा डावीकडे सरकला, पण त्यानं मनावर घेतलं नाही.

नियम असा की सांभाळणारीनं रोजची वही ठेवायची. कोण आलं, किती वाजता, किती वाजता गेलं. बेबाला लिहिण्याचा सराव नव्हता म्हणून ती जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरून लिहायची. वही कशी, तर नजर लागावी अशी स्वच्छ. निळ्या पाकिटात त्या वहीची प्रत मागवली होती. इव्होननं घाईघाईत प्रती काढल्या, न वाचताच पाठवल्या. आईची वही, त्यात काय वाचायचं?

त्या मंगळवारानंतर आठवड्यानं दुसरं पाकीट आलं. इव्होन ते उभ्या उभ्याच वाचायला लागली आणि वाचता वाचता खुर्चीवर बसली.

"आई, तू वहीत काय लिहिलंयस?"

"जे झालं ते."

"नावं काय लिहिलीस?"

"पोरांची."

"कुठली पोरं? हे म्हणतात, तुमच्या अर्जात एदमिल्सन आणि लुआना आहेत. वहीत त्या नावाचं एकही मूल नाही. वहीत जुंगा आणि तितिना आहेत. मग ही दोन कुणाची? यांना सांभाळायची परवानगी आहे का तुम्हाला? आणि एदमिल्सन नि लुआना कुठं असतात दिवसभर?"

"इथंच असतात की! हे काय तुझ्यासमोर चीज खातायत."

"आणि त्यांचा माणूस आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. शेजाऱ्यानं सांगितलं, त्या नावाची बाईच इथं राहत नाही." इव्होनचा आवाज चढला. "म्हणजे कागदावर तू नाहीस, पोरं नाहीत, आणि जी आहेत ती परक्याची! भत्ता आजपासून बंद. तीन आठवड्यांनी ऑफिसात बोलावलंय. तिथं पटलं नाही तर बंद तो बंदच. मग मी काय करू? वॉर्डात पाळणा घेऊन जाऊ? चार महिने राहिलेत गं आई. चार."

"मी काय मुद्दाम..."

"एदमिल्सन लिहायला काय झालं होतं?"

बेबानं पोरांपुढं आणखी चीज ठेवलं. काय सांगणार? वहीत एदमिल्सन लिहायला तिनं एकदा पेन उचललं होतं. हात थांबला. परक्या माणसाचं लेकरू लिहितेय असं वाटलं. म्हणून मग जुंगा लिहिलं, नि शेजारी, आज दोन केळी खाल्ली.

दुसऱ्या दिवसापासून घरात नवा धडा सुरू झाला. बेबा सकाळी उठल्यापासून नावानं हाका मारू लागली, कागदावरच्या.

"एदमिल्सन, दूध पी."

कुणी हलेना.

"एदमिल्सन!"

पाच वर्षांच्या पोरानं मागं वळून दाराकडं पाहिलं. कुणी आलंय का ते बघायला.

"तूच रे. तूच एदमिल्सन."

"मी जुंगा."

"तू जुंगाही आणि एदमिल्सनही. आता तो माणूस विचारील, तुझं नाव काय, तर काय सांगायचं?"

"त्याला माझं नाव माहीत नाही?"

"माहीत आहे, पण तो विचारणारच."

"मग तो बावळट आहे," जुंगा म्हणाला आणि दूध प्यायला. तितिना तीन वर्षांची. तिला तर गंमत वाटली, ती दिवसभर बाहुलीला लुआना म्हणत राहिली आणि स्वतः तितिनाच राहिली.

बेबाला घरात एका जागी बसवेना. रस्त्यावर गाडी थांबली की खिडकीशी. पायऱ्यांवर बूट वाजले की दाराशी. कपडे दोनदा धुतले जात, भाजीत मीठ दोनदा पडे, नाहीतर पडतच नसे. पत्रं टाकणारी पोरगी सकाळी आली की हिचं काळीज उडे, आणि ती निळं काही न टाकता गेली की आणखी उडे, कारण मग ते उद्या येणार.

न्यो दुदू दोन दिवस वर फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी एक अख्खा मासा कागदात गुंडाळून घेऊन आले आणि दारातच उभे राहिले.

"माझ्यामुळं झालं."

"बसा तरी."

"बेबा, मी खोटं बोललो नाही गं. पण तुला एक सांगतो. नाव माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं. एकोणसत्तर साली मी इथं बोटीवरून उतरलो तो परत चढलोच नाही. सहा वर्षं बिनकागदाचा होतो. फाइलवाला दिसला की पहिला नियम, कुणाचंही नाव घ्यायचं नाही. आपलं नाही, शेजाऱ्याचं नाही, मांजराचं नाही."

"मग आता माझ्याबरोबर ऑफिसात चला. सांगा त्यांना, बेबा म्हणजे मीच."

म्हातारा मासा ठेवायला वाकला तो बराच वेळ वाकलेलाच राहिला. "ऑफिसात? म्हणजे तिथं मलाही नाव विचारतील?"

"विचारतीलच. काय आहे तुमचं कागदावरचं नाव?"

न्यो दुदूंनी मागंपुढं पाहिलं, दार ओढून घेतलं आणि कुजबुजले, "जोआकिं आवेलिनो द ग्रासा."

"अगबाई!" बेबा तीन दिवसांत पहिल्यांदा हसली. "बिशप झाला असतात एवढ्या नावात."

"हसू नकोस. तीस वर्षांत हे कुणापाशी बोललो नाही."

तीन आठवड्यांनी मंडळी ऑफिसात गेली. इव्होननं वॉर्डातून दोन तासांची सुट्टी घेतलेली, तिच्या कोटाखालून पांढरा गणवेश दिसत होता. दोन्ही पोरं नव्या बुटांत. न्यो दुदूंनी काळा सूट घातलेला, जो ते फक्त मयताला घालतात. त्यामुळं वाटेत ओळखीच्या दोघांनी थांबवून विचारलं, कोण गेलं? बेबा म्हणाली, अजून कुणी नाही.

आत टेबलापलीकडे पन्नाशीचा एक माणूस बसला होता. पातळ केस, चहाचा कप, पुढ्यात बेबाच्या वहीच्या प्रती. पत्राखाली सही करणारा तोच, एल. एम. तेर्प्स्ट्रा. वाईट बोलत नव्हता, पण प्रत्येक वाक्य मोजून मापून, जणू लिहूनच घेतोय.

"मॅडम, तीन मार्चला तुमच्या वहीत जुंगा आठ ते पाच. हा जुंगा कोण?"

"हा." बेबानं नातवाला पुढं ढकललं.

"तुझं नाव काय, बाळ?"

सगळ्यांनी श्वास रोखला. तीन आठवडे घोकलेलं. पोरानं नव्या बुटांकडं पाहिलं, आजीकडं पाहिलं आणि तोंड घट्ट मिटलं. तितिना मात्र मोठ्यांदा म्हणाली, "मी तितिना! लुआना घरी आहे. झोपलीय."

इव्होननं डोळे मिटले. तेर्प्स्ट्रासाहेबांनी पेन उचललं.

"बाहुली!" बेबा ओरडली. "बाहुलीचं नाव लुआना! म्हणजे हिचं लुआना, पण ती बाहुलीला... इव्होन, सांग ना यांना!"

इव्होननं सांगितलं. घरचं नाव, कागदाचं नाव, आमच्याकडची पद्धत. तो ऐकत होता, मान हलवत होता. "समजतं मला. पण माझ्यापुढं जे आहे त्यावरच मला जावं लागतं. घरी कुणी नाही, शेजारी बाईला ओळखत नाही, वहीत दुसरी मुलं. हे असं का, ते आज तुम्ही सांगताय. माझ्या जागी तुम्ही असता तर?"

"शेजारी मीच," न्यो दुदू उठून उभे राहिले. "बाईला ओळखतो. हिच्या लग्नात मी बकरा शिजवलाय. फक्त हिचं नाव मला ठाऊक नव्हतं."

"तीस वर्षं शेजारी आहात आणि नाव ठाऊक नव्हतं?"

"नाव ठाऊक होतं. हे नव्हतं ठाऊक."

तेर्प्स्ट्रासाहेबांनी काहीतरी लिहिलं. काय, ते उलटं दिसत होतं, आणि बेबाला सुलटंही धड वाचता आलं नसतं. तेवढ्यात दार उघडून एका बाईनं डोकं आत घातलं. "रीन, अकराची मंडळी आलीत. अजून किती वेळ?"

"दहा मिनिटं."

दार लागलं. बेबाच्या कपाळावर आठी पडली. तिनं इव्होनच्या हातातलं पत्र ओढून घेतलं, खालच्या सहीवर बोट ठेवलं.

"साहेब, एक विचारू? रागावू नका. हे एल. एम. म्हणजे तुम्हीच ना?"

"हो."

"एल. म्हणजे काय?"

"लांबर्टस."

"आणि एम.?"

"मारिनस. लांबर्टस मारिनस."

"मग आत्ता ती बाई रीन कुणाला म्हणाली?"

"मलाच. मारिनसचं रीन. घरचे तेच..." आणि तो थांबला.

"लांबर्टस म्हणून कधी कुणी जेवायला हाक मारली तुम्हाला?" बेबानं विचारलं. तिला टोमणा मारायचा नव्हता, खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आजी... रागावली की," तो म्हणाला. कपाकडं बघत क्षणभर हसला, आणि मग परत साहेब झाला. पण आवाज खाली आला होता. त्यानं कपाटातून एक फॉर्म काढला. "मॅडम, इथं एक रकाना असतो. 'हाक मारायचं नाव'. आमच्याकडे सगळे भरतात. तुमच्या अर्जात तिघांचाही तो रिकामा आहे."

"आम्हाला वाटलं, सरकारला त्याचं काय करायचंय?"

"सरकारला लागतं ते. वहीत तेच नाव असेल तर फारच लागतं."

बेबाचा आणि दोन्ही पोरांचे असे फॉर्म भरले गेले. चौथा न्यो दुदूंचा, साक्षीदार म्हणून. जोआकिं आवेलिनो लिहिताना म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं कागद झाकून घेतला. तेर्प्स्ट्रासाहेबांनी स्पष्ट सांगितलं, एवढ्यानं सुटका नाही. सहा आठवड्यांत कधीतरी न कळवता घरी पाहणी होईल. मुलं ठरल्या वेळी घरी हवीत. त्यानंतर निर्णय. तोवर भत्ता बंदच.

ते सहा आठवडे बेबाच्या आयुष्यातले सगळ्यात लांब. बाहेर वसंत आलेला, समोरच्या चौकातली झाडं फुटलेली, पोरं काचेला नाक लावून बसलेली, आणि ही त्यांना जिन्याखाली उतरू देईना. न जाणो, पाच मिनिटांसाठी गेलो आणि तेव्हाच आले तर? आधीची फजिती अशीच झाली होती, मक्यापायी. बाजार बंद. चर्च फक्त रविवारी. इव्होननं उसनवारीवर घर रेटलं, वॉर्डात जादा पाळ्या घेतल्या, आणि घरी आल्यावर दोघी मायलेकी एकमेकींवर बारीकसारीक गोष्टींवरून खेकसत. चमचा कुठं ठेवलास यावरून एकदा अर्धा तास भांडण झालं. चमचा इव्होनच्याच हातात होता.

खाली न्यो दुदू पहाऱ्यावर. आता त्यांना एवढं पाठ झालं होतं की कुणी नुसतं दारात थबकलं तरी सुरू होत, "मारिया एतेल्विना तावारेश, हाक मारायचं नाव बेबा, वरचा मजला, डावं दार! एदमिल्सन म्हणजे जुंगा, लुआना म्हणजे तितिना, बाहुली मोजायची नाही!" मीटर वाचणारा बिचारा घाबरून मीटर न बघताच गेला.

पाचव्या आठवड्यात, एका गुरुवारी सकाळी, बेल वाजली. या वेळी एक तरुण बाई होती. तिनं जिन्यात न्यो दुदूंचं सगळं ऐकून घेतलं असावं, कारण वर आली ती ओठ दाबतच. मोऱ्या पाहिल्या, झोपायच्या खाटा पाहिल्या, धुराची घंटी वाजवून पाहिली, पोरांना चुलीपासून लांब ठेवायचं फाटक हलवून पाहिलं. बेबा तिच्यामागं मागं, हात पुन्हा पुन्हा फडक्याला पुसत. मग ती बाई पोरांपाशी खाली बसली.

"आणि तू कोण?"

जुंगानं कंटाळून उसासा टाकला. दोन महिन्यांत त्याला किती वेळा हे विचारलं गेलं होतं देव जाणे. "घरचं सांगू की ऑफिसचं?"

"दोन्ही."

त्यानं दोन्ही सांगितली. मग बहिणीचीही दोन्ही सांगितली, ती मधे बोलायच्या आत. बाईनं कागदावर दोन खुणा केल्या. बेबाच्या डोळ्यांना त्या खुणांखेरीज खोलीत दुसरं काही दिसत नव्हतं. चहा घेता का विचारायचंही राहून गेलं, आणि ती गेल्यावर त्याच गोष्टीनं बेबा संध्याकाळपर्यंत हळहळली. चहा नाही दिला. आता काय लिहील कुणास ठाऊक.

अकरा दिवसांनी पाकीट आलं. इव्होन नुकतीच पाळी संपवून आलेली. तिनं ते वाचलं, आणि गणवेशासकट स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडली. भत्ता सुरू. मागचा थांबलेलाही मिळणार. चार महिन्यांतले दोन राहिले होते, ते आता पार पडणार होते.

"परत वाच," बेबा म्हणाली.

इव्होननं परत वाचलं.

"खाली अजून एक ओळ आहे. ती काय आहे?"

"पुढच्या वर्षी पुन्हा पाहणी होऊ शकते, असं. ते सगळ्यांनाच लिहितात, आई."

"सगळ्यांना लिहितात," बेबा म्हणाली, पण पत्र तिनं हातातून सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी इव्होनला सुट्टी होती. ऊन पडलं होतं. बेबानं पोरांना बूट घातले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा बागेत न्यायला निघाली. पोरं जिना उतरून खाली पोचलीसुद्धा. बेबाही अर्ध्यापर्यंत उतरली, थांबली आणि परत वर चढली. वहीचं एक पान फाडलं, जीभ बाहेर काढून एकेक अक्षर कोरत लिहिलं आणि दारावर चिकटवलं: मारिया एतेल्विना (बेबा), एदमिल्सन (जुंगा), लुआना (तितिना). बागेत, तळ्याकाठी. बारा वाजता परत.

इव्होन आतून अंबाडा बांधत बाहेर आली आणि तिनं ते वाचलं. "आई, मी घरात आहे ना? आणि मी नसते तेव्हाही हे लावणार आहेस का? चोरांना आमंत्रणच की हे."

"चोर परवडला गं," बेबा जिना उतरता उतरता म्हणाली. "तो नाव तरी विचारत नाही."